दोघींचा डावा पाय

शांघाय, ९ एप्रिल १९८४

चि. रुईफांग,

ताईचा आशीर्वाद. नको असला तर परत पाठव, पण पाठवताना सोबत दोन ओळी लिही.

आईच्या अंत्यविधीनंतर आपण एकमेकींना पत्र लिहिलेलं नाही. दर वसंतोत्सवाला हार्बिनहून तुझं वाळवलेल्या काळ्या अळंब्यांचं पुडकं येतं, आणि इकडून मी लोकरीचे गुंडे पाठवते. पुडक्यात चिठ्ठी नसते, म्हणून मी अळंब्याच वाचायला शिकले आहे. ज्या वर्षी देठं जास्त निघतात त्या वर्षी तुझा राग अजून आहे असं समजते. यंदा देठं कमी होती. तेवढ्या भरवशावर हे पत्र लिहायला बसले.

बातमी एकच आहे. नाच परत सुरू झाला.

खोटं वाटत असेल तर छिंगमिंगच्या दिवशी मी बाबांना थडग्यापाशी जाऊन सांगितलं, त्यांना विचार. गवत काढलं, भाताची वाटी ठेवली आणि म्हटलं, बाबा, लोक परत जलद तीनच्या वॉल्ट्झवर गिरक्या घेतायत, तेही भर उजेडात, बागेत, सकाळी सहाला. तुझे भावोजी शेजारी उभे होते. म्हणाले, मेलेल्या माणसाला कशाला नाचवतेस. त्यांना काय कळणार. जन्मभर बुद्धिबळाच्या पटापलीकडे ज्यांनी पाय उचलला नाही त्यांना बाबा काय होते ते सांगून उपयोग नाही. नाचघराची फरशी घासणारा माणूस होता, पण कुठल्या जोडीचे पाय कुठे घसरणार हे नाचाआधी फरशीवर पावडर टाकतानाच ओळखायचा.

आपण नाचघरात कोट ठेवायच्या खोलीच्या पडद्यामागून बघायचो ते आठवतं ना? घरी येऊन खाटेच्या आणि चुलीच्या मधल्या जागेत तेच करायचो. मी उंच, म्हणून पुरुषाची पावलं माझ्याकडे आली आणि बाईची तुझ्याकडे. पुढे गिरणीत युनियनचे शनिवारचे नाच सुरू झाले तेव्हा मुलगे भिंतीला पाली चिकटाव्यात तसे चिकटून उभे राहायचे आणि मुली मुलींशीच नाचायच्या. त्या सगळ्या गर्दीत आपली जोडी म्हणजे जोडी होती. हे मी म्हणत नाही, कताई खात्यातल्या सगळ्या म्हणायच्या.

तर आता बागेत कोणीतरी टेप आणतं आणि आम्ही कापूस भरलेल्या कोटांतच सुरू होतो. पुरुष अजून भिंतीलाच आहेत, फक्त आता त्यांना टक्कल पडलंय. त्यामुळे मला मागणी आहे. निवृत्त बायकांची माझ्यासाठी रांग लागते. गल्लीतल्या तिंग मावशी रोज पहिला नंबर लावतात. त्यांचं वजन आणि त्यांचा उत्साह, दोन्ही माझ्या अंगठ्यावर येतात.

मी मजेत आहे. तुला कळावं म्हणून लिहिलं, दुसरं काही कारण नाही.

तुझी ताई,
युएलान


शांघाय, ३ जून १९८४

रुईफांग,

पुडकं मिळालं. पाईनच्या बिया. सणवार नसताना तू काही पाठवलंस असं पहिल्यांदाच झालं, तेव्हा हे उत्तरच आहे असं मी धरून चालते. भावोजी म्हणाले, चिठ्ठी नाही तर उत्तर कसलं. मी म्हटलं, तुम्ही बिया सोला.

आता कामाचं. आपल्या गिरणीच्या कामगार क्लबात राष्ट्रीय दिनाला निवृत्त कामगारांचा नाचाचा सोहळा आहे. यंदा पस्तिसावं वर्ष, म्हणून मोठा. स्पर्धाही आहे. क्लबाचे सेक्रेटरी कॉम्रेड हो यांनी नियम वाचून दाखवले. दिवे सगळे चालू राहतील. जोडीदारांच्या मध्ये एक वीत अंतर राहील. नाचाला नाच म्हणायचं नाही, ‘निरोगी सामूहिक करमणूक’ म्हणायचं. आणि प्रत्येक जोडीने दोन प्रकार करायचे: एक वॉल्ट्झसारखा जोडीचा नाच, आणि एक लोकनृत्य, म्हणजे यांगको.

मी विचारलं, कॉम्रेड, आमच्या गिरक्यांत ढोल कशाला घुसवता? कॉम्रेड हो बिचारा सज्जन माणूस आहे, पण चार वर्षांपूर्वी असाच नाच सुरू केला आणि वरून बंदीचं परिपत्रक आलं तेव्हापासून त्याने धसका घेतलाय. मला बाजूला घेऊन म्हणाला, “युएलान ताई, कोणी वरून विचारलं तर मला सांगता आलं पाहिजे ना, की आम्ही जनतेचाच नाच करतोय. वॉल्ट्झ मध्ये मध्ये चुकून होतो.”

तर आता मला यांगको येणारी जोडीदार हवी. तिंग मावशींना येतो, पण वॉल्ट्झमध्ये त्यांना वळवायचं म्हणजे कपाट सरकवायचं. दोन्ही नीट येणारी अशी मला जगात एकच बाई माहीत आहे. ती तीस-बत्तीस वर्षांपूर्वी ढोलाच्या मागे मागे ईशान्येला निघून गेली, कमरेला लाल रेशीम बांधून, सरकारी नृत्यपथकाच्या ट्रकमध्ये बसून. शनिवारी आमचा कार्यक्रम होता आणि ती शुक्रवारी गेली.

गैरसमज नको. मला तुझी गरज नाही, यांगकोची आहे.

जोडीतल्या दोघी आपल्या गिरणीच्या असाव्यात असाही नियम आहे. तू कताईत होतीसच. मी तुझं नाव देऊन टाकलं आहे. स्पर्धा संध्याकाळी आहे, गाडीला दोन दिवस लागतात, तेव्हा आठवडाभर आधी निघ. हलकी चप्पल आण. कानटोपी नको, इथे गरम असतं.

युएलान


शांघाय, २२ जुलै १९८४

रुईफांग,

तुझं पुडकं उघडलं तेव्हा तिंग मावशी, भावोजी आणि समोरच्या घरातलं अख्खं कुटुंब आमच्याकडे टेलिव्हिजन बघायला बसलं होतं. मी फुशारकीने सगळ्यांसमोर दोरी कापली. आत लाल रेशमी पट्टा, एक पंखा, आणि तुझ्या अक्षरात एकच ओळ: “आधी हे शीक.”

समोरची मंडळी टेलिव्हिजन सोडून माझ्याकडे बघायला लागली. भावोजींना इतकं हसू आलं की त्यांचा चहा नाकात गेला. मी म्हटलं, हसा. आणि पट्टा कपाटात टाकला. माझं नाव देताना विचारलं होतंस का, असं तुला म्हणायचं होतं हे मला कळलं. मी काही खुळी नाही. पण म्हणून ताईला शिक्षा?

त्या पट्ट्याला तीन-चार दिवस मी हात लावला नव्हता. मग बुधवारी क्लबात जे झालं ते तुला सांगायलाच हवं.

आमचा सराव चालला होता. टेपवर जलद तीन, पंख्याखाली जोड्या गरगर फिरतायत, मी तिंग मावशींना कोपऱ्यातून वळवतेय. इतक्यात दारावरच्या माणसाने ओरडून सांगितलं की जिल्हा कार्यालयातून पाहुणे आलेत, जिन्यात आहेत. कॉम्रेड हो पांढराफटक पडला. धावत जाऊन त्याने कॅसेट काढली, दुसरी घातली, आणि खोलीभर ढोल आणि झांजा. काय सांगू तुला. सगळ्या जोड्या एका क्षणात सुटल्या, रांग धरली, रुमाल, वर्तमानपत्रं, जे हाताला लागेल ते हलवत यांगको सुरू. तिंग मावशी, ज्यांना मी महिनाभर ढकलतेय, त्या अशा हलक्या झाल्या की मी बघतच राहिले. अख्ख्या खोलीत चुकलेली एकटी मी. हात अजून वॉल्ट्झचे, पाय कुठलेच नाहीत.

पाहुण्यांत एक जाडजूड बाई होत्या. त्या माझ्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, “या कॉम्रेडना बरं वाटत नाहीये का?”

कॉम्रेड हो घाईने म्हणाला, होय, यांना उन्हाचा त्रास आहे. मला खुर्ची दिली, ओला टॉवेल दिला. कताईची आदर्श कामगार म्हणून जिचा फोटो भिंतीवर आहे तिला आजारी म्हणून बसवलं. मी टॉवेल डोक्यावर घेऊन बसले आणि मनाशी म्हटलं, रुईफांग, तू जिंकलीस.

तेव्हापासून संध्याकाळी गल्लीत शिकतेय. तिंग मावशी शिकवतात, बाकीच्या बांबूच्या खुर्च्या टाकून कलिंगड खात बघतात. पट्टा कमरेला बांधते, टोकं हातात धरते. कंबर हलायला लागली आहे. भावोजी म्हणतात, गंजलेलं बिजागर हलतंय. पण मुख्य अडचण वेगळीच आहे. तीन पावलं पुढे, एक मागे, असा तो चालायचा. पुढची तीन मला येतात, सुंदर येतात. चौथं मागे पडतच नाही. चौथं पण पुढेच जातं आणि समोर तिंग मावशींची पाठ असते. कालपर्यंत त्यांच्या दोन चपला तुटल्या.

त्या म्हणाल्या, “अगं बाई, तुझ्या पायांना मागे जायचं कोणी शिकवलंच नाही का?”

नाही शिकवलं. मला त्याची गरज कधी पडली? मागे जायला तू होतीस.

उष्मा फार आहे. पण शिकतेय. पुडक्याऐवजी माणूस पाठव.

युएलान


शांघाय, ३० ऑगस्ट १९८४

रुईफांग,

तुझं पत्र आलं. अळंब्या नाहीत, बिया नाहीत, साधं लिफाफ्यातलं पत्र. पोस्टमनने खालून हाक मारली तेव्हा मी एका पायात चप्पल घालून उतरले. वाचलं, भावोजींना वाचून दाखवलं, मग त्यांनी दुसऱ्यांदा वाचून मला दाखवलं, जणू त्यांच्याच नावाने आलं होतं.

मुलगा “जा” म्हणतोय, म्हणून येतेस असं लिहिलं आहेस. ठीक आहे, मुलगा म्हणतोय म्हणून ये. चोवीस तारखेला दुपारच्या गाडीने. आम्ही दोघं स्टेशनवर असू.

एक वाक्य मात्र मला छळतंय. “ताई, एक आधीच सांगते, मी आता पूर्वीची राहिले नाही.” एवढंच लिहून पुढे तू हवापाण्यावर गेलीस. म्हणजे काय? गुडघे गेले का? सांध्यांत थंडी शिरते तिकडे, मला ठाऊक आहे. का अंग सुटलंय? सुटलं असेल तर सुटू दे. तिंग मावशींना वळवून माझे दंड असे झालेत की मी तुला ट्रंकेसकट वळवीन. चक्कर येत असेल तर जलद तीन सोडून संथ तीन घेऊ. दात पडले असतील तर हसू नकोस, परीक्षक लांब बसतात. तू फक्त हात दे. बाकी मी बघते, पूर्वी बघायचे तसंच.

मागचं पाऊल मला आता दहात सातदा जमतं. तिंग मावशींना नव्या चपला घेऊन दिल्या.

ताई


शांघाय, ११ सप्टेंबर १९८४

रुईफांग,

हे पत्र तू निघण्याआधी पोचेल की नाही कोण जाणे. न पोचलं तरी चालेल. कदाचित न पोचलेलंच बरं.

काल शरदाची पौर्णिमा झाली. चंद्राचे केक आणले. एक अख्खा केक तुझ्यासाठी डब्यात ठेवला, खाऱ्या अंड्याचा, तुला आवडायचा तो. भावोजी म्हणाले, चोवीसपर्यंत दगड होईल. होऊ दे. तुझी खाट लावून झाली. चादर धुतली, काढली, पुन्हा धुतली.

मला झोप नाही, आणि कारण मी इथेच लिहिते, तोंडाने मला कधी सांगता येणार नाही. तू येणार नाहीस अशी मला भीती वाटते. त्या शनिवारी मी पांढरे बूट घालून क्लबाच्या त्याच हॉलमध्ये उभी होते. तू ट्रकमध्ये बसून गेलीस हे मला आदल्या रात्री माहीत झालं होतं, तरी मी गेले आणि उभी राहिले. जोड्या फिरत होत्या, मुली विचारायच्या, रुईफांग कुठे? मी म्हणायचे, येतेय. शेवटचं गाणं संपेपर्यंत मी तेच म्हणत होते.

आईच्या वेळी तू आलीस तेव्हा मला वाटलं, आता विचारावं. पण तू जेवताना सगळ्यांच्या देखत म्हणालीस, “ताईबरोबर मी जन्मभर उलटी चालले. कुठे जातेय ते मला एकदाही दिसलं नाही.” आणि भांडी आवरून दुसऱ्या दिवशीची गाडी धरलीस. मला तेव्हा राग आला, अजूनही आहे. मी तुला एकदाही भिंतीवर आपटू दिलं नव्हतं. त्याचं काहीच नाही?

तर आता पुन्हा त्याच हॉलमध्ये तुझं नाव लावून बसले आहे. बक्षीस मला नको. कॉम्रेड होने पहिल्या जोडीसाठी ठेवलेला थर्मास त्यालाच लखलाभ. मला फक्त एवढंच हवंय की कोणी “रुईफांग कुठे” विचारलं तर मला बोटाने दाखवता यावं.

ये.

ताई


शांघाय, ४ ऑक्टोबर १९८४

रुईफांग,

तू खाली सोयादूध आणि तळलेल्या कणकेच्या काड्या आणायला रांगेत उभी आहेस. रांग कोपऱ्यापर्यंत आहे, खिडकीतून दिसतेय. तू पुढच्या बाईशी भांडतेस की मैत्री करतेस ते इथून कळत नाही. तेवढ्या वेळात हे लिहून तुझ्या ट्रंकेत सरकवणार आहे. कारण तू हार्बिनला जाऊन हे सगळं आपल्या पद्धतीने सांगशील हे मी ओळखून आहे. खरी हकिगत लेखी असलेली बरी.

तर, चोवीस तारखेला आम्ही गुडघे गेलेल्या, अंग सुटलेल्या, दात पडलेल्या बाईला घ्यायला स्टेशनवर गेलो होतो. भावोजींनी हातगाडी ठरवली होती. डब्यातून उतरली एक ताठ, आखूड केसांची, बूट घातलेली बाई. तिने ट्रंक स्वतःच्या खांद्यावर टाकली, “चला” म्हणाली आणि पुढे चालू लागली. मी तुझ्या मागे धावले. हातगाडीवाल्याने रिकाम्या गाडीचे पैसे मागितले आणि घेतलेही.

घरी आल्यावर चहासुद्धा न घेता मी टेबल भिंतीला लावलं आणि टेप सुरू केली. आधी बघू तरी, म्हटलं. मी डावा हात वर केला. तूही डावा वर केलास. मी डावा पाय पुढे टाकला. तूही डावाच टाकलास. गुडघ्यावर गुडघा असा आपटला की भावोजींच्या पटावरचा हत्ती पडला.

मी म्हटलं, “तुझा पाय चुकला.”

“तुझा चुकला,” तू म्हणालीस.

“बाईचा उजवा मागे जातो. विसरलीस?”

“विसरले नाही. सोडून दिलं.” आणि मग खाटेवर बसून, गुडघा चोळत, तू सांगितलंस. “ताई, मी लिहिलं होतं ना, पूर्वीची राहिले नाही म्हणून. तिकडे नदीकाठी मी बायकांना शिकवते. सगळीकडेच नाच बंद होता ती मधली दहा वर्षं सोडली तर कायम पुरुषाचीच पावलं करते.”

“एवढीशी असून? पुरुषाची पावलं उंच बाईने करायची असतात.”

“असं कोणी सांगितलं?”

“सगळे सांगतात.”

“सगळे नाही. तू सांगितलंस,” तू म्हणालीस. “मी दहा वर्षांची होते आणि तू सांगितलंस. हार्बिनला गेल्यावर मला कळलं की असं काही नसतंच.”

भावोजी जमिनीवर हत्ती शोधत होते. त्यांनी खालूनच म्हटलं, “दोघीही पुरुष झालात तर बाई कोणी व्हायचं? मी होऊ का?” आपण दोघी एकदमच हसलो. पण ते हसणं संपल्यावर कोणी पाय मागे घेतला नाही हेही खरं. पुढचा आठवडा तोच गोंधळ चालला. माझे गुडघे निळे, तुझे हिरवे. यांगको मात्र आपला बघता बघता बसला. गल्लीतल्या बायकांनी कलिंगड सोडून टाळ्या वाजवल्या. तू पुढे, मी मागे, आणि चौथं पाऊल माझं दर वेळी बरोबर पडत होतं. तुला त्याचं नवल वाटलं नाही. माझ्या जुलै महिन्याची तुला नुसत्या पत्रावरून काय कल्पना येणार.

तीस तारखेला तू जेवताना म्हणालीस, उगाच हट्ट नको, वॉल्ट्झला मी तिंग मावशींना घेते, तू दुसरी कोणी बघ, दोघींचं काम होईल. अगदी सरळ बोललीस, रागाने नाही. मी भात वाढत होते. तुझी वाटी भरली तरी वाढतच राहिले, म्हणून भावोजींनी माझ्याकडे दोनदा पाहिलं. रुईफांग, तू इथे होतीस, समोर बसून मासा खात होतीस, आणि मी परत त्या हॉलमध्ये एकटी उभी होते.

पहिल्या तारखेचं बाकी सगळं तुला माहीत आहे. कागदी पताका, सगळे दिवे चालू, मधोमध टेबलावर वीतभर अंतर मोजायला आणलेली ती लाकडी पट्टी, जी कॉम्रेड होने एकदाही उचलली नाही कारण जिल्ह्याच्या त्याच जाडजूड बाई खुर्चीवर पाय नाचवत बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं. तब्येतीची चौकशी केली. आधी यांगको झाला आणि आपण लोकांना वेड लावलं. कताईतल्या म्हाताऱ्या ओरडत होत्या, अगं ती बघा, रुईफांग आली. एकीने मुद्दाम येऊन मला विचारलं, ती रुईफांगच ना? मी बोटाने दाखवलं. मला जे हवं होतं ते तिथेच मिळालं होतं. पुढचं नसतं झालं तरी चाललं असतं, असं मला वाटत होतं.

मग वॉल्ट्झ लागला. आपण समोरासमोर उभ्या राहिलो आणि तू तिंग मावशींकडे वळून बघितलंस. त्या दोन पावलं पुढेही आल्या होत्या.

तेव्हा मी उजवा हात वर केला.

हॉलमध्ये दोनशे माणसं होती, पण तो कुठला हात होता हे फक्त तुला कळलं. तू क्षणभर माझ्या हाताकडे बघत राहिलीस, मग माझ्या तोंडाकडे. मी डावा हात तुझ्या खांद्यावर ठेवला. तो खांदा किती खाली आहे हे मला कधी माहीत नव्हतं. मी म्हटलं, “काय बघतेस, सूर निघून चालला.”

उजवा पाय मागे. जोडीच्या नाचात, पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा. मागे भिंत आहे, खुर्च्या आहेत, तिंग मावशी आहेत, काहीच दिसत नाही. तू इतक्या वर्षांत ही गोष्ट मला कधी सांगितली नाहीस, की त्या जागी आधी भीती वाटते. मी मान वळवून बघायला लागले तर तू हळूच म्हणालीस, “ताई, मागे बघू नकोस. मागे कोणी नाही. मी बघतेय.”

आपण कशा नाचलो ते मी लिहीत नाही, कारण वाईट नाचलो. मी दोनदा ताल चुकवला, एकदा तुझ्या बुटावर उभी राहिले, आणि कोपऱ्यात तू मला वळवलंस तेव्हा मी हसत होते की रडत होते हे भावोजी आजही ठरवू शकलेले नाहीत. थर्मास विणकाम खात्याच्या जोडीला गेला. आपल्याला दोन एनॅमलचे मग मिळाले, त्यांतला एक तू नेणार आहेस. कॉम्रेड होने भाषणात आपल्या नाचाला जुन्या कामगारांची एकजूट म्हटलं. त्याला हवं ते म्हणू दे.

एक मात्र लिहून ठेवते. इतकी वर्षं मी पुढे चालले तेव्हा तुझ्या डोक्यावरून वाट बघत असायचे. त्या दिवशी उलटी चालले तेव्हा वाट दिसलीच नाही, तुझं तोंड दिसलं. पूर्ण गाणंभर. तुझ्या उजव्या भुवईवर पांढरा केस आहे. आणि वळणाआधी तू ओठ चावतेस, अगदी बाबा पावडर टाकताना चावायचे तसा.

आता तू रांगेच्या टोकाशी पोचलीस. त्या बाईशी मैत्रीच झालेली दिसते, ती तुझी किटली धरून उभी आहे.

तुला परवा गाडीत बसवून देईन. पण हिवाळ्यात, नदी गोठली की मी येते. भावोजींना पट घेऊन सोबत आणते. कानटोपी तू तयार ठेव, माझ्याकडे नाही. आणि स्टेशनवर ट्रंक माझ्या हातातून घेऊ नकोस, मी ती उचलून तुझ्या मागे चालेन. तुमच्या नदीकाठच्या बायकांना सांग की नवीन बाई येतेय, बाईची पावलं शिकायला. थोडी उंच आहे. सांभाळून घ्या.

जिन्यात तुझे बूट वाजले. दूध सांडत आणतेस, वासावरून कळतंय.

तुझी ताई